कागदावर न मावलेला डोंगर

बसून घ्या. खुर्ची, पाट, ओटा, काहीही चालेल. डोळे मिटू नका. एक वस्तू हातात घ्यायची आहे आणि ती नीट बघायची आहे. खरीखुरी मिळाली तर उत्तम, नाही तर मनात धरा.

साडेदहा इंच व्यासाचं एक रीळ. त्यावर अर्धा इंच रुंदीची तपकिरी फीत, रीळ भरलेलं असेल तर चोवीसशे फूट. १९६४ साली आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकांबरोबर ही नऊ ट्रॅकची टेप आली आणि पुढची दोन-अडीच दशकं बँका, विमा कंपन्या, वेधशाळा, अवकाश संस्था या सगळ्यांनी आपापलं दप्तर हिच्यावरच ठेवलं. आठ ट्रॅक माहितीचे. नववा नुसत्या पडताळ्याचा. स्वतः काही सांगत नाही, बाकीच्या आठांत कुठे चुकलं का तेवढं बघतो.

रीळ सावकाश उलटं करा. मागच्या बाजूला, मधल्या भोकाभोवती एक गोल खाच दिसेल. तिच्यात प्लास्टिकची कडी बसवलेली असते. कडी असेल तरच यंत्र टेपवर लिहितं. काढली की ते फक्त वाचतं. जुनी टेप हाती आली की पहिलं काम हेच. नख घालून कडी उचकटायची आणि खिशात टाकायची. यंत्र सुरू करायचं नाही, ‘चालते का बघू’ म्हणायचं नाही. आपल्याकडे जुनं काही सापडलं की आधी ते चालवून बघायची भारी हौस. कितीतरी जुन्या टेपा या हौसेपायीच गेल्या आहेत.

कडी निघाली? आता घटकाभर काहीच करू नका. तुमच्या हातून हिच्यावर आता एक अक्षरही चढणार नाही, एवढी खात्री झाली की पुढे जाऊ.

फितीचं टोक बोटभर उलगडा आणि उजेडात धरा. एक बाजू आधाराची, पॉलिएस्टरची. दुसरी तपकिरी, तीच कामाची. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड, लांबट टोकदार कण, चिकट द्रव्यात कालवून फितीवर पसरलेले. रेणूत लोहाचे दोन अणू, प्राणवायूचे तीन. हे दोन आणि तीन लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर सूरजागडला चला.

चंद्रपूरहून आलापल्ली, तिथून एटापल्ली, एटापल्लीच्या पुढे हेडरी, आणि हेडरीला लागून सूरजागडचे डोंगर. साग, ऐन, मोह, बांबू. अंगावर जंगल असलं तरी आतून डोंगर लोखंडाचा आहे. दोनशे कोटी वर्षांहून जुना दगड, समुद्रतळाशी थरावर थर साचलेला. त्यातलं मुख्य खनिज हेमटाइट. त्याच्या रेणूत लोहाचे दोन अणू, प्राणवायूचे तीन.

तेच द्रव्य. फरक मांडणीचा. हेमटाइटमध्ये अणू असे बसलेले असतात की साधं लोहचुंबक त्याला जेमतेम ओढतं. टेपवरच्या ऑक्साइडला मॅगहेमाइट म्हणतात. अणू तेच, बैठक निराळी, आणि ते चुंबकत्व धरून ठेवतं. मॅगहेमाइट काही शे अंशांपर्यंत तापवत नेलं की त्याचं हेमटाइट होतं. धरून ठेवलेलं सगळं सुटतं, दगड उरतो.

सूरजागडचं लोखंड या फितीत आहे असं मी म्हणत नाही. टेपवरचा ऑक्साइड कारखान्यात मुद्दाम तयार करतात. पण डोंगर आणि त्या डोंगराची नोंद एकाच द्रव्याची असावी, हे मला विलक्षण वाटतं. तुम्हाला वाटलं नाही तरी हरकत नाही. मिनिटभर या तपकिरी रंगाकडे बघत बसा, म्हणजे झालं.

आता टेपवर आहे काय, ते पाहू.

२३ जुलै १९७२ या दिवशी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. नऊशे किलोमीटरवरून तो फिरायचा आणि दर १८ दिवसांनी त्याच जागेवर परत यायचा. त्याचे संदेश झेलणारं केंद्र तेव्हा भारतात नव्हतं. म्हणून इथलं चित्र उपग्रहातच बसवलेल्या टेपवर नोंदवायचं आणि उपग्रह अमेरिकेच्या टप्प्यात आला की खाली पाठवायचं, अशी सोय होती. म्हणजे हे जंगल आधी आकाशातच एका टेपवर चढलं आणि मग जमिनीवर दुसऱ्या टेपवर उतरलं. हैदराबादजवळ शादनगरला आपलं केंद्र उभं राहिलं ते त्या दशकाच्या अखेरीस. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: प्रकाश आणि मंदा आमटे हेमलकशाला राहायला गेले ते डिसेंबर १९७३ मध्ये. आणि सूरजागड ज्यात येतं तो गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीच्या कुठल्याही रिळावर जिल्हा लिहायचा झाला तर चंद्रपूरच लिहावा लागेल.

त्या चित्रातली एक चौकट निवडा. ऐंशी मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद, म्हणजे दीड एकराच्या आसपास. उपग्रहाला याहून बारीक दिसत नव्हतं. या दीड एकरात काय काय असेल ते सावकाश मनात भरा. दोन-तीन मोह. ऐन, धावडा, एखादा बिजा. खाली तेंदूची झुडपं, कडेला बांबूचं बेट. एक वारूळ. गुरांच्या खुरांनी पडलेली वाट. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून कुणीतरी साफ केलेलं वर्तुळ, त्यातली राख. वाटेवर कुणी उभं असेल तर तेही घ्या.

भरलं सगळं? उपग्रहाने ते चार आकड्यांत लिहिलं. एक हिरव्या प्रकाशाचा, एक तांबड्याचा, दोन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे. प्रत्येक आकडा ० ते ६३ मधला. बस्स.

फारच कमी वाटतं ना? आता कागदावर काय झालं ते ऐका.

याच चित्रांवरून देशातल्या जंगलाचा हिशेब झाला. १९७२-७५ ची चित्रं आणि १९८०-८२ ची चित्रं ताडून राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने सांगितलं की भारताच्या भूभागावरचं जंगल १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्क्यांवर आलं आहे. पुढे भारतीय वन सर्वेक्षणाने हे काम हाती घेतलं आणि १९८७ मध्ये पहिला अहवाल काढला. तो काही संगणकावर टेप चढवून केलेला नव्हता. दहा लाखास एक या प्रमाणात छापलेली चित्रं टेबलावर घेऊन, नुसत्या नजरेने जंगल ओळखून रेषा ओढलेल्या होत्या. या प्रमाणात जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर एक मिलिमीटर. पेन्सिलीच्या टोकाला कुठेतरी मर्यादा येणारच. नकाशावर दाखवायचा लहानात लहान तुकडा ४०० हेक्टरचा धरला होता.

सूरजागडच्या डोंगरावर २००७ मध्ये लोहखनिजाचा जो पट्टा मंजूर झाला, त्याचं क्षेत्र ३४८.०९ हेक्टर आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि थोडा वेळ तसेच राहू द्या. ज्या पट्ट्यावरून एवढी वर्षं मोर्चे, निवेदनं, सुनावण्या, जाळपोळ, बंदोबस्त चालला, तो पट्टा त्या कागदावर साडेतीन चौरस मिलिमीटर भरतो. तेवढंच जंगल वेगळं उभं असतं तर नियमाप्रमाणे ते नकाशावर काढायचीही गरज नव्हती. टेपवर मात्र त्याच जागेच्या साडेपाचशेच्या आसपास चौकटी आहेत आणि प्रत्येकीचे ते चार आकडे.

१९८७ च्या माणसांना मी दोष देत नाही. एवढ्या देशाचा हिशेब मांडायचा म्हणजे कुठेतरी खाली रेघ मारावी लागते. पण कुणाचा तरी डोंगर त्या रेघेखाली जातो. अहवालात जे बेरजेत मुरलं ते टेपवर सुटं आहे, आणि म्हणूनच टेपपर्यंत मागे जायचं. चार आकडे कमी म्हणत होतो आपण. आता ते कसे वाटतात, बघा.

(कागदाला कमी लेखायचा हेतू नाही. १८८२ सालचा फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल वाचूनच जमशेटजी टाटांचं लक्ष चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या लोखंडाकडे, लोहाऱ्याकडे गेलं होतं. आणि पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी यांना दल्ली-राजहराच्या लोखंडाचा माग लागला तो नागपूरच्या संग्रहालयातल्या एका भूगर्भीय नकाशावरून. मोठं लोखंड दाखवायला कागद पुरतो.)

रीळ अजून हातात आहे ना? नाकाशी धरा. कुबट वास आला तर बुरशी आहे. ती आधी कोरड्या हाताने, कोरड्या हवेत काढावी लागते. मग फितीवर बोटाचं टोक अगदी हलकं टेकवा. चिकट लागली तर समजा की कण धरून ठेवणारं पॉलियुरेथेनचं द्रव्य हवेतलं पाणी पिऊन सैल पडलंय. अशी टेप यंत्रावर फिरवली तर तपकिरी थरच खरवडून निघतो. पावसाळ्यात सादळलेले पापड उन्हात घालतात, तसाच उपाय इथे आहे: भट्टी. पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअस, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत, एकसारखी कोरडी ऊब. तेवढ्याने चुंबकत्वाला धक्का लागत नाही. पापडासारखाच हा कोरडेपणाही टिकत नाही; काही आठवडे हातात असतात, तेवढ्यात वाचून घ्यायचं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो हे मला ठाऊक आहे. म्हणून टेप गच्चीवर टाकू नका.

भट्टीचे तास मोजत बसू नका. बाहेर बसा. वाट बघणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. भट्टीचं दार मधेच उघडून बघितल्याने काही लवकर होत नाही.

मग फीत एका रिळावरून दुसऱ्यावर हळू गुंडाळायची, म्हणजे आतला ताण सारखा होतो. मग वाचन. यंत्राच्या वाचणाऱ्या हेडवरून टेप गेली की हेड पुसायचं, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने. तो बोळा टाकण्याआधी बघा. त्यावर तपकिरी डाग आहे. कितीही जपलं तरी थोडं निघतंच. कुणाच्या तरी दीड एकराचे आकडे त्या कापसावर आहेत आणि ते आता कुणालाच वाचता येणार नाहीत.

वाचताना चुका येतात. नववा ट्रॅक सांगतो: इथे जमत नाही. मागे जायचं, पुन्हा वाचायचं. हेड किंचित हलवून पुन्हा. कधी तिसऱ्या खेपेला अक्षर लागतं, कधी लागतच नाही. जे मिळेल ते आधी जसंच्या तसं उतरवून ठेवायचं, अर्थ नंतर. या क्रमात घाई करणाऱ्याला मी टेपजवळ फिरकू देणार नाही.

आणि हे सगळं यंत्र मिळालं तर. चंद्राभोवती फिरलेल्या लूनर ऑर्बिटर यानांच्या १९६६-६७ मधल्या टेपा सांभाळून ठेवल्या होत्या, पण त्या वाचणारी अँपेक्सची यंत्रं कुणाला नको होती. नासातल्या नॅन्सी इव्हान्स यांनी ती स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवून घेतली. त्यातलं एक यंत्र दुरुस्त करून २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या इमारतीत चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचं चित्र पुन्हा काढलं गेलं. अपोलो ११ ला हे भाग्य लाभलं नाही. चंद्रावरच्या पहिल्या पावलांच्या मूळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, या निष्कर्षाला नासा २००९ मध्ये आली. १९८० च्या सुमारास टेपांची टंचाई होती, आणि ती लँडसॅटच्या कामात फार जाणवत होती. चंद्र पुसून त्या फितीवर पृथ्वीवरचं एखादं रान लिहिलं गेलं असेल. नसेलही. यावर रागावायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीही लगेच ठरवू नका.

लँडसॅटच्या बाबतीत मात्र पुढे शहाणपण सुचलं. २००८ पासून त्याची चित्रं सगळ्यांना फुकट झाली आणि २०१० पासून अमेरिकेच्या सू फॉल्स इथल्या केंद्राने देशोदेशींच्या केंद्रांत पडून असलेला जुना साठा मिळवून, वाचून, एकत्र करायला घेतला. पाचेक वर्षांत संग्रह दुप्पट झाला.

चला, आपलं चित्र उघडू.

जंगल तांबडं दिसतंय. दचकू नका, अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवायची रीत आहे आणि हिरवं जिवंत पान अवरक्त प्रकाश भरभरून परतवतं. लाल जेवढं गडद तेवढी पानं दाट. आता डोंगर शोधा, घाई नको. सापडला? फिका दिसत असेल तर ‘तोडलं, तोडलं’ असं ओरडायच्या आधी तारीख बघा. हे पानगळीचं रान आहे. ऑक्टोबरात गच्च. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते तेव्हा, पानं पिवळी पडू लागलेली. मार्च-एप्रिलात मोह फुललेला आणि साग उघडाबोडका. एप्रिलचं चित्र ऑक्टोबरच्या चित्राशी ताडलं तर आख्खं रान नाहीसं झालेलं दिसेल. जंगलात राहणारं पोरही हे सांगेल. टेपला ते ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक आहे त्याला शेजारी बसवून चित्र वाचावं लागतं.

चित्रावर दर सहाव्या ओळीला पट्टा आहे का बघा. उपग्रहातला आरसा एका झोक्यात सहा ओळी टिपायचा, प्रत्येक ओळीला एक संवेदक. त्यातला एक बिघडला की पूर्ण चित्रभर दर सहावी ओळ बिघडते. ती वरच्या-खालच्या ओळींची सरासरी काढून भरून देण्याची सोय आहे आणि भरल्यावर चित्र देखणं होतं. मूळ प्रतीत ती ओळ मी काळीच ठेवेन. सरासरी जंगल कुठेच उगवत नाही.

आजचं चित्र बघायला टेप लागत नाही, मोबाइल पुरतो. डोंगरमाथ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उघडा पडलेला तपकिरी भाग. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झालं, त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला नक्षलवाद्यांनी खाणीच्या कामावरची डझनावारी वाहनं जाळली, काम बंद पडलं, २०२१ पासून जोरात सुरू झालं. सूरजागड इलाख्यातल्या ग्रामसभांनी ठाकूरदेवाच्या डोंगरावर खाण नको असं वारंवार लिहून दिलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. मधली पन्नास वर्षं तुमच्या बोलण्याने भरू नका. फक्त बघा, एकदा इकडे, एकदा तिकडे.

यातून गावाला काय मिळतं, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींच्या कसत्या जमिनीसाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. त्याआधीची वहिवाट दाखवावी लागते. तिथे जुनं उपग्रहचित्र कामाला येतं. पण २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की असं चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारं नाही. आणि त्या इतर पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. मला हा नियम शहाणा वाटतो. ऐंशी मीटरच्या चौकटीत एकरभराचं शेत आजूबाजूच्या झाडोऱ्यात मिसळून जातं, अहवालात डोंगर मिसळला तसंच. तिथे एखादी म्हातारी उभी राहून सांगते, या मोहापासून त्या धोंड्यापर्यंत, सासरा कसायचा तेव्हापासून. तिचं म्हणणं ग्रामसभेत लिहून घेतात, अंगठा उमटतो, आणि कागद आधी उपविभागीय समितीकडे, तिथून गडचिरोलीला जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

तिथे कुणी ओळखीचं असेल तर एवढं विचारून घ्या: ती फाइल कुठल्या कपाटात आहे, दुसरी प्रत कुठे ठेवली आहे, आणि पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते का.